सिंहाची सिंहीण : महिला फुटबॉलच्या चित्रांतून घडणारी राष्ट्रीय ओळख

२०१७ च्या जुलै महिन्यात नेदरलँड्समध्ये महिलांची युरो फुटबॉल स्पर्धा भरणार होती. स्पर्धा तोंडावर आली असताना त्या देशाच्या फुटबॉल संघटनेने वरकरणी क्षुल्लक वाटावा असा एक बदल जाहीर केला. महिला राष्ट्रीय संघाच्या जर्सीवरील ढालीत वर्षानुवर्षे उभा असलेला सिंह काढून त्या जागी सिंहीण रेखाटण्यात आली. ढाल तीच, नारिंगी रंग तोच, मागच्या पायांवर उभे राहण्याचा पवित्राही तोच. गेली ती आयाळ. हा सिंह ऑरेंज-नासाऊ राजघराण्याच्या राजचिन्हातून फुटबॉलच्या मैदानावर आलेला असल्याने त्याला हात लावणे ही केवळ सजावटीची बाब नव्हती. डच प्रेक्षक या संघाला आधीपासूनच ‘नारिंगी सिंहिणी’ म्हणत होते. लोकांच्या तोंडी रुळलेले नाव चित्रात उतरण्यास मात्र स्वतःच्या देशातील यजमानपदाची संधी यावी लागली. ६ ऑगस्ट रोजी एन्स्खेडे येथील अंतिम सामन्यात या संघाने डेन्मार्कला ४–२ असे हरवून विजेतेपद मिळवले आणि नव्या चिन्हावर शिक्कामोर्तब झाले.

महिला फुटबॉलच्या निमित्ताने राष्ट्राचे चित्र पुन्हा रेखाटण्याचा हा प्रयत्न पहिला नव्हता. भित्तिपत्रके, बोधचिन्हे, शुभंकर, जर्सीवरील नक्षी आणि चेंडूवरची चित्रे अशा अनेक रूपांत गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत ही चित्रपरंपरा घडत आली आहे. फुटबॉलमधील राष्ट्रीय चिन्हे पुरुषांच्या संघांभोवती तयार झाली. महिला संघ उशिरा आले, अनेक देशांत तर बंदीच्या मागच्या दाराने आले. त्यामुळे त्यांचे चित्र काढणाऱ्या प्रत्येक कलावंतापुढे एक प्रश्न उभा राहिला. असलेले चिन्ह तसेच ठेवायचे, त्याला फीत बांधून ‘मुलींचे’ करायचे, की नव्याने रेखाटायचे? या तिन्ही वाटांनी निरनिराळे देश गेले आहेत.

बंदीच्या काळापासून सोचित्लपर्यंत

महिलांच्या ज्या सामन्याची आंतरराष्ट्रीय म्हणून जाहिरात झाली, असा सर्वांत जुना परिचित सामना मे १८८१ मध्ये एडिंबरा येथे स्कॉटलंड आणि इंग्लंड या नावांनी खेळला गेला. स्कॉटलंडने तो ३–० असा जिंकला. त्या सामन्याच्या वृत्तांतात खेळाइतकीच जागा पोशाखाला मिळाली होती. कोणाची जर्सी निळी, कोणाची निळी-पांढरी, पट्टा कोणत्या रंगाचा आणि बूट कसे उंच टाचेचे, याची बारीक नोंद वार्ताहराने केली. खेळाडू स्त्रीकडे आधी पोशाख म्हणून पाहण्याची ही सवय पुढे व्यंगचित्रांत आणि सचित्र साप्ताहिकांतही उतरली. तिचे अवशेष आजही सापडतात.

त्यानंतर चित्र काढावे असे फारसे काही घडू दिले गेले नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळू देण्यास मनाई केली. त्याच्या आदल्याच वर्षी, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर महिलांचा सामना पाहण्यास सुमारे ५३ हजार प्रेक्षक जमले होते, हे लक्षात घेतले म्हणजे मनाईचे कारण लोकांची अनास्था नव्हते हे उघड होते. ब्राझीलने १९४१ मध्ये सरकारी हुकूमनाम्यानेच स्त्रियांना हा खेळ वर्ज्य केला व ती बंदी १९७९ पर्यंत टिकली. पश्चिम जर्मनीतील बंदी १९५५ ते १९७० या काळातली. ज्या संघाला मैदानच नाही, त्याला बोधचिन्ह कोठून असणार?

या पार्श्वभूमीवर १९७१ च्या मेक्सिकोतील स्पर्धेचे चित्र वेगळे उठून दिसते. फिफाची मान्यता नसलेल्या या विश्वचषकात मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, डेन्मार्क, फ्रान्स आणि इटली असे सहा संघ खेळले. आदल्या वर्षी याच देशात पुरुषांचा विश्वचषक झाला होता आणि मोठे सोम्ब्रेरो घातलेला ‘हुआनितो’ हा मुलगा त्याचा शुभंकर होता. महिलांच्या स्पर्धेसाठी त्याच्या जोडीला एक मुलगी रेखाटण्यात आली. मेक्सिकोच्या संघाचा गणवेश घातलेल्या या मुलीचे नाव होते ‘सोचित्ल’. हुआनितो हे नाव स्पॅनिश. सोचित्ल हे मात्र नावात्ल या मूळ मेक्सिकन भाषेतले. त्याचा अर्थ फूल.

या नावात त्या काळचे दोन्ही प्रवाह एकवटले आहेत. एकीकडे आपल्या प्राचीन, स्पॅनिशपूर्व वारशाचा अभिमान आणि दुसरीकडे मुलगी म्हणजे फूल ही जगभर चालणारी कल्पना. स्पर्धेच्या आयोजकांनी गोलपोस्टही गुलाबी पट्ट्यांनी रंगवून घेतले होते. खेळाकडे प्रेक्षक खेचण्याचा हा बाजारी खटाटोप होता, यात शंका नाही. तरीही अस्तेका मैदानावरील अंतिम सामन्याला सुमारे १ लाख १० हजार प्रेक्षक उपस्थित होते असे सांगितले जाते. डेन्मार्कने तो सामना ३–० असा जिंकला आणि तिन्ही गोल पंधरा वर्षांच्या सुझान आउगुस्टेसन हिने केले. सोचित्लचे चित्र असलेली भित्तिपत्रके आणि स्मृतिचिन्हे नंतर दीर्घकाळ विस्मरणात गेली. फिफाच्या इतिहासात या स्पर्धेला स्थान नव्हते. २०२३ मध्ये आलेल्या ‘कोपा ७१’ या माहितीपटामुळे ती पुन्हा लोकांच्या नजरेस पडली. एका मुलीच्या चित्राला अर्धे शतक अडगळीत काढावे लागले, हा या परंपरेतील सर्वांत बोलका तपशील म्हणावा लागेल.

कोणाची तरी मुलगी, कोणाची तरी बहीण

फिफाने महिलांची जागतिक स्पर्धा प्रथम भरवली ती १९९१ मध्ये चीनमध्ये. तीत ‘लिंग लिंग’ नावाचा पक्षी शुभंकर होता. १९९५ मध्ये स्वीडनने ‘फिफी’ ही व्हायकिंग मुलगी पुढे केली. १९९९ मध्ये अमेरिकेने ‘नटमेग’ नावाची कोल्हीण निवडली. प्रतिस्पर्ध्याच्या दोन पायांमधून चेंडू काढण्याच्या युक्तीला फुटबॉलच्या बोलीत हाच शब्द आहे. २००७ मध्ये चीनकडे पुन्हा यजमानपद आले तेव्हा पुरुषाच्या वेशात रणांगणावर गेलेली आख्यायिकेतील वीरांगना हुआ मुलान शुभंकर झाली. राष्ट्राच्या लोकस्मृतीतील एखादी स्त्री थेट फुटबॉलच्या मैदानावर आणण्याचे हे ठळक उदाहरण आहे. मुलानची कथा चिनी घराघरांत माहीत असल्याने चित्राला वेगळ्या स्पष्टीकरणाची गरजच उरली नाही.

जर्मनीचा अनुभव निराळा होता. १९८९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या महिला संघाने युरोपीय विजेतेपद मिळवले तेव्हा संघटनेने खेळाडूंना बक्षीस म्हणून फुलाफुलांची नक्षी असलेला चहा-कॉफीचा चिनी मातीचा संच दिला. ती फुले म्हणजे त्या काळच्या संघटनेने आपल्या विजेत्या खेळाडूंचे काढलेले चित्रच होते, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. पुढे २०११ चा विश्वचषक जर्मनीत झाला. त्याचे घोषवाक्य फुटबॉलच्या ‘सर्वांत सुंदर बाजू’विषयी बोलत होते, तर शुभंकर ‘कार्ला किक’ ही मांजर होती. याच स्पर्धेसाठी पानिनी कंपनीने महिला विश्वचषकाचा आपला पहिला स्टिकर अल्बम काढला. मुलामुलींच्या दप्तरात खेळाडू स्त्रियांचे चेहरे देशवार रांगेने चिकटवलेले दिसू लागले ते तेव्हापासून. बोधचिन्हांच्या चर्चेत अल्बमचे नाव सहसा निघत नाही, पण आपल्या देशाच्या पानावर कोण कोण आहे हे मुलांना त्यातूनच पाठ होते.

फ्रान्सच्या २०१९ च्या स्पर्धेत राष्ट्रीय चिन्हाचा प्रश्न पुन्हा समोर आला. कोंबडा हे फ्रान्सचे जुने प्रतीक. राष्ट्रीय संघाच्या छातीवर तोच असतो. १९९८ च्या पुरुषांच्या विश्वचषकाचा ‘फूटिक्स’ हा शुभंकरही कोंबडाच होता. महिलांसाठी रेखाटलेली ‘एती’ ही कोंबडीची तरुण पोर फूटिक्सची मुलगी असल्याचे सांगितले गेले आणि ‘एत्वाल’ म्हणजे तारा या फ्रेंच शब्दावरून तिचे नाव घडवले गेले. बोधचिन्हात निळ्या-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा खलाशी सदरा सुचवणाऱ्या रेषा होत्या आणि चेंडूभोवती आठ प्रकाशशलाका होत्या, कारण स्पर्धा आठवी होती. संकल्पन देखणे होते. खटकते ती वंशावळ. सोचित्ल हुआनितोच्या जोडीला आली, एती फूटिक्सच्या घरात जन्मली. डच सिंहिणीला मात्र कोणाचे नाव लावावे लागले नाही. ती सिंहाच्या शेजारी नव्हे, सिंहाच्या जागी उभी राहिली.

इंग्लंडने मधला मार्ग काढला. राष्ट्रीय संघाच्या ढालीवरील तीन सिंह कायम ठेवून, तळागाळातील फुटबॉलसाठी २०२१ मध्ये जे नवे चिन्ह आणले त्यात सिंह, सिंहीण आणि छावा अशी तिघांची मुखे रेखाटली. महिला संघाला ‘लायनेसेस’ म्हणतात, मोरोक्कोच्या महिला संघाला ‘अ‍ॅटलासच्या सिंहिणी’. गोव्यातील वाचकाला प्राण्याच्या चित्रातून प्रदेशाची ओळख सांगण्याची ही रीत परकी वाटणार नाही; एफसी गोवाच्या चिन्हावरील गवा हा राज्याचा अधिकृत प्राणीच आहे.

स्वित्झर्लंडने २०२५ च्या महिला युरोसाठी याच रीतीला एक सुरेख वळण दिले. सेंट बर्नार्ड जातीच्या पिल्लाला शुभंकर केले हे अपेक्षितच होते. आल्प्स आणि तो कुत्रा यांची जोडी जगजाहीर आहे. त्याचे ‘माडली’ हे नाव मात्र मादलेन बोल हिच्यावरून ठेवले. व्हाले प्रांतातील या मुलीला १९६५ मध्ये फुटबॉल खेळण्याचा परवाना मिळाला आणि असा परवाना मिळालेली ती स्वित्झर्लंडमधील पहिली मुलगी ठरली. तो परवाना नंतर काढून घेण्यात आला. सेंट बर्नार्ड कुत्र्यांची ख्याती ज्या खिंडीवरून पसरली ती खिंडही व्हाले प्रांतातच आहे. राष्ट्रीय प्राण्याला एखाद्या नाकारलेल्या खेळाडूचे नाव देणे, ही त्या देशाने साठ वर्षांनी दिलेली कबुली होती.

चिन्हांच्या या हिशेबात ताऱ्यांचाही समावेश होतो. जर्सीवर ढालीच्या वर जितके तारे, तितके विश्वचषक, असा फुटबॉलमधील संकेत आहे. ब्राझीलच्या महिला दीर्घकाळ पुरुषांनी मिळवलेले पाच तारे अंगावर वागवत खेळल्या. २०२० च्या अखेरीस तेथील महासंघाने महिलांच्या जर्सीवरून ते तारे काढून टाकण्याचा निर्णय जाहीर केला. काहींना तो अपमान वाटला, पण विचार केल्यास त्यात स्वाभिमानच दिसतो. अमेरिकेच्या महिला आपल्या चार विजयांचे चार तारे लावतात आणि त्यांच्या पुरुष संघाला एकही तारा लावता येत नाही. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये होणार आहे. दक्षिण अमेरिकेत तो प्रथमच जात आहे आणि यजमानांच्या ढालीवरची जागा अजून मोकळी आहे.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड : राष्ट्र म्हणजे नेमके कोणाचे?

२०२३ च्या विश्वचषकाने या विषयाला अधिक अवघड प्रश्न जोडला. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या दोन्ही यजमान देशांत युरोपीय वसाहतीपूर्वीपासून राहणारे समाज आहेत. त्यांची चित्रकला आज त्या देशांची जगातील सर्वांत परिचित ओळख बनली आहे, आणि त्याच समाजांनी जमीन, भाषा व हक्क यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडा दिला आहे. अशा वेळी राष्ट्रीय ओळख रेखाटायची ती कोणाच्या हाताने, हा प्रश्न टाळता येण्याजोगा नव्हता.

स्पर्धेचे बोधचिन्ह कॅनडातील टोरांटो येथील एका संकल्पन संस्थेने तयार केले. मध्यभागी चेंडू आणि त्याभोवती किरणांसारखे पसरणारे ३२ रंगीत चौकोन अशी त्याची रचना होती, कारण प्रथमच ३२ संघ खेळणार होते. केंद्रातून बाहेर पसरणारी ही आकृती दोन्ही देशांच्या मूळ कलापरंपरांत आढळते. तिच्यातील नक्षीसाठी दोन चित्रकर्तींना सहभागी करून घेतले गेले. क्वीन्सलँडमधील कालकादून समाजाच्या शर्नी सटन आणि न्यूझीलंडच्या माओरी चित्रकर्ती फियोना कॉलिस या त्या दोघी होत. त्यांचेच काम पुढे स्पर्धेच्या अधिकृत चेंडूवरही झळकले. पर्जन्यवन, माती, पर्वत आणि समुद्र यांच्या रंगांवर बोधचिन्हाची रंगसंगती बेतलेली होती. अधिकृत भित्तिपत्रक मात्र लॉस एंजेलिसच्या कारा साइक्स यांनी केले.

या वाटणीकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. मूळ रहिवासी चित्रकर्तींची नावे आणि समाज प्रथमच एवढ्या मोठ्या क्रीडास्पर्धेच्या बोधचिन्हाशी ठळकपणे जोडले गेले, ही जमेची बाजू. चौकट इतरांनी आखली आणि नक्षी भरण्याचे काम त्यांच्याकडे आले, ही दुसरी बाजू. आपल्याकडेही वारलीची आकृती साडीपासून चहाच्या कपापर्यंत कोठेही छापली जाते आणि ती काढणाऱ्या समाजाचे नाव खाली क्वचितच असते. त्या तुलनेत सटन आणि कॉलिस यांना मिळालेले श्रेय कमी नाही. पण श्रेय आणि अधिकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

चित्राबाहेरही बरेच घडले. यजमान शहरांची नावे दुहेरी लिहिली गेली. सिडनीसोबत गॅडिगल, मेलबर्नसोबत नार्म आणि ऑकलंडसोबत तामाकी माकाउराउ. मैदानांवर राष्ट्रध्वजांबरोबर ऑस्ट्रेलियातील अ‍ॅबोरिजिनल आणि टोरेस सामुद्रधुनीतील बेटवासी समाजांचे ध्वज, तसेच माओरींचा ध्वज फडकवण्यास फिफाने परवानगी दिली. ऑस्ट्रेलियाच्या महिला संघाला, म्हणजे ‘मटिल्डाज’ना, यात नवे काही वाटले नसावे, २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये न्यूझीलंडविरुद्धच्या सामन्यापूर्वी त्यांनी अ‍ॅबोरिजिनल ध्वज हाती धरून छायाचित्र काढून घेतले होते. मटिल्डाजनी २०२३ मध्ये उपांत्य फेरी गाठली, देश अक्षरशः वेडावला. २० ऑगस्ट रोजी सिडनीत अंतिम सामना झाला आणि स्पेनने इंग्लंडला १–० असे हरवले. त्यानंतर दोन महिनेही उलटले नव्हते, तोच १४ ऑक्टोबरच्या सार्वमतात मूळ रहिवाशांना संसदेपुढे सल्लागार आवाज देण्याचा घटनादुरुस्तीचा प्रस्ताव ऑस्ट्रेलियाच्या सर्वच राज्यांनी फेटाळला. चेंडूवरची नक्षी सर्वांना मान्य होती.

अंगावरचे चित्र

जर्सी हीदेखील आता चित्रफलक झाली आहे. पूर्वी महिला संघांना पुरुषांच्याच जर्सी, बहुधा ढगळ, घालाव्या लागत. २०१९ मध्ये इंग्लंडच्या महिलांसाठी प्रथमच स्वतंत्र जर्सी बनली आणि तिच्यावर देशी फुलांची अस्फुट नक्षी होती. २०२३ मध्ये जपानच्या एका जर्सीवर फुजी पर्वताभोवतीच्या पहाटेचे गुलाबी-जांभळे रंग आले, जर्मनीच्या जर्सीत तिथली अरण्ये आली आणि स्पेनच्या दुसऱ्या जर्सीवर व्हॅलेन्सियाच्या किनाऱ्याजवळील प्रवाळ. निसर्गाकडे वळण्यात उत्पादकांची सोयही होती. राजचिन्हांना हात लावला की वाद होतो. प्रवाळाला कोणी हरकत घेत नाही.

काही खेळाडूंसाठी मात्र वस्त्राचा प्रश्न नक्षीपुरता नव्हता. २०११ मध्ये हिजाबच्या कारणावरून इराणच्या महिला संघाला ऑलिंपिक पात्रता सामना खेळू दिला गेला नाही. फिफाने ही मनाई २०१४ मध्ये औपचारिकपणे उठवली. मधल्या काळात कित्येक मुलींच्या खेळण्याच्या वयाची वर्षे निघून गेली. मार्च २०१६ मध्ये डेन्मार्कच्या हुम्मेल कंपनीने अफगाणिस्तानच्या महिला संघासाठी हिजाब अंगभूत असलेली जर्सी सादर केली. पाच वर्षांनी तालिबानची राजवट परतली आणि त्या संघातील अनेक खेळाडूंना देश सोडावा लागला. काहींनी मेलबर्नमध्ये पुन्हा एकत्र येऊन खेळणे सुरू केले. देशाने नाकारलेल्या या मुलींनी देशाचे नाव सोडले नाही. २०२३ च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेनझिना ही हिजाब घालून खेळणारी पहिली खेळाडू ठरली, तेव्हा तिचे चित्र जगभर छापले गेले.

इभा, कुयरी आणि फातोर्डा

भारताने या चित्रपरंपरेत आपली भर घातली ती १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाच्या निमित्ताने. मूळ स्पर्धा २०२० ची. करोनामुळे ती रद्द झाली आणि २०२२ चे यजमानपद भारताकडे आले. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई ही तीन केंद्रे ठरली. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईत अनावरण झालेल्या बोधचिन्हात लाटेसारखी उसळणारी आकृती, तिच्यावर कुयरी व बांधणीची नक्षी आणि शिरोभागी झेंडूच्या पाकळ्यांत फुललेला चेंडू होता. मराठी डोळ्याला यातील कुयरी आणि झेंडू दोन्ही घरचे. लुगड्याच्या काठावर एक आणि दसऱ्याच्या तोरणात दुसरा. बांधणी मात्र गुजरात-राजस्थानची. ज्या तीन राज्यांत सामने झाले त्यांपैकी ओडिशाचे पट्टचित्र, गोव्यातील देवळांच्या भिंतींवरची काव कला किंवा महाराष्ट्राची वारली यांपैकी कोणतीच रेषा बोधचिन्हात नव्हती. राष्ट्रीय चित्र काढताना परिचित ते घेतले जाते आणि स्थानिक ते सुटते, हा अनुभव भारतापुरता नाही.

शुभंकराची निवड अधिक विचारपूर्वक झाली होती. ११ ऑक्टोबर २०२१ रोजी, आंतरराष्ट्रीय बालिका दिनाला, ‘इभा’ ही आशियाई सिंहीण सादर करण्यात आली. सिंह भारतीय राजमुद्रेवर आहे, पण तो अशोकस्तंभावरचा, आयाळ असलेला. जंगलातला आशियाई सिंह आज उरला आहे तो गुजरातच्या गीर परिसरात. ‘इभा’ हा शब्द मेघालयातील खासी भाषेतला असून चांगली दृष्टी किंवा विवेक असलेली असा त्याचा आशय सांगितला गेला. खासी समाज मातृवंशीय आहे. वंश आणि आडनाव आईकडून चालते. पश्चिमेचा प्राणी आणि ईशान्येचे नाव अशी ही जुळणी झाली. एतीप्रमाणे इभा कोणाची मुलगी म्हणून आली नाही. २०१७ च्या मुलांच्या विश्वचषकाचा शुभंकर ‘खेलिओ’ हा ढगाळ बिबट्या होता आणि त्याच्याशी तिचे काही नाते जोडले गेले नाही.

चित्र तयार होते, घर मात्र अस्ताव्यस्त होते. ऑगस्ट २०२२ च्या मध्याला फिफाने अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केले आणि स्पर्धा ठरल्याप्रमाणे भारतात होऊ शकणार नाही असे जाहीर केले. २६ ऑगस्टला निलंबन मागे घेतले गेले तेव्हा उद्घाटनाला जेमतेम दीड महिना उरला होता. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरच्या कलिंग मैदानावर भारताच्या मुली अमेरिकेविरुद्ध उतरल्या आणि ०–८ ने हरल्या. पुढे मोरोक्कोने ३–० आणि ब्राझीलने ५–० असे हरवले. या संघाची कर्णधार झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील एका खेड्यातली होती. तिच्या घराकडे जाणारा रस्ता स्पर्धेच्या निमित्ताने बांधायला घेतला गेला आणि तिचे आईवडील त्याच कामावर रोजंदारीने राबत असल्याचे वृत्त तेव्हा देशभर छापून आले. शहराशहरांतील फलकांवर हसणारी सिंहीण आणि हा रस्ता, ही दोन्ही चित्रे एकाच महिन्यातली आहेत.

गोव्याच्या वाट्याला स्पर्धेचा उत्तरार्ध आला. फातोर्ड्याच्या पंडित जवाहरलाल नेहरू मैदानावर २६ ऑक्टोबर रोजी दोन्ही उपांत्य सामने झाले. नरकासुर दहनाला दोनच दिवस उलटले होते आणि दिवाळी चालू होती. कोलंबियाने नायजेरियाला पेनल्टी शूटआउटमध्ये ६–५ असे, तर स्पेनने जर्मनीला १–० असे हरवले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १–० ने नमवून चषक राखला.

गोव्यात चेंडू आणि कुंचला यांचे नाते मात्र त्याहून जुने आहे. गोव्याकडून आणि भारताकडून खेळलेल्या योलांडा डिसोझा-कामेरमायर या पुढे चित्रकार म्हणूनही परिचित झाल्या. त्यांच्या पिढीच्या महिला संघाला ना शुभंकर होता, ना बोधचिन्हाचा अनावरण सोहळा. तरीही १९८० आणि १९८३ च्या आशियाई स्पर्धांत भारतीय महिला उपविजेत्या ठरल्या होत्या. त्या काळातील संघाची चित्रे आज शोधावी लागतात.

सध्याच्या राष्ट्रीय महिला संघाला ‘ब्लू टायग्रेसेस’, म्हणजे निळ्या वाघिणी, असे संबोधले जाते. वाघ १९७३ पासून भारताचा राष्ट्रीय प्राणी आहे. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चियांग माई येथे यजमानांना २–१ असे हरवून या संघाने २०२६ च्या आशियाई चषकात प्रवेश मिळवला. दोन्ही गोल संगीता बासफोर हिने केले. पात्रता फेरी खेळून ही स्पर्धा गाठण्याची भारतीय महिलांची ती पहिलीच वेळ होती.